लिहून देणार

चार दिवस कोरडे मिळाले असते तर सावित्रीचं काही बिघडलं नसतं. पण दसरा होऊन गेला तरी पाऊस जायचं नाव घेईना. सकाळी चटका, दुपारी ढग, आणि दिवस कलला की घाटाकडून गडगडत यायचा तो थेट कापून आडव्या टाकलेल्या भातावर. खालच्या तुकड्यातलं भात तिनं एकटीनं कापलं होतं, कारण तळेघरच्या खालच्या वाडीत मोकळा माणूसच उरला नव्हता. वरच्या वाडीच्या दादू कंत्राटदारानं मांडवाला, रस्त्याला, गेटाला म्हणून गडी-बाया झाडून सगळी नेली होती. दुप्पट मजुरी आणि वर दुपारी मटण. सावडीला येते, आज तुझ्यात नि उद्या माझ्यात, असं कबूल केलेल्या दोघीजणी पण तिकडेच गेल्या. जावोत! सावित्रीनं पदर खोचला आणि विळा घेऊन वाकली.

तिचा नवरा धोंडू बांधावर बसून पेंढ्या बांधत होता. भांडुपच्या कारखान्यात वीस वर्षं पत्रे उचलून त्याची कंबर गेली होती, वाकणं जमत नव्हतं. तोंड मात्र शाबूत होतं, आणि आज तेही बंद होतं. सकाळपासून एक शब्द नाही. सावित्रीला वाटलं, कंबर दुखत असेल.

अकराच्या सुमाराला नितेशची फटफटी बांधापाशी येऊन थांबली. हा नितेश पूर्वी खेडला स्टॅम्पवाल्याच्या टेबलाशी उभा राहून लोकांचे अर्ज भरून द्यायचा. आता दादूचा उजवा हात झाला होता. पायात पांढरे बूट. चिखलात उतरायला नको म्हणून गाडीवरूनच ओरडला,

"काकी, पेढे काढा पेढे!"

"कसले रे मेल्या? हितं भात कुजतंय आनि तुला पेढे सुचतात!"

"वेदिकाचं बक्षीसपत्र तयार झालं! मंगळवारी धा वाजता खेडला कचेरीत सहीला यायचं. तिथनं थेट कॉलेजात, कारेक्रमाला. दादासाहेब गाडी पाठवतायत."

"त्याच्या गाडीत मी बसायची न्हाय. यष्टी हाय अजून चालू."

"बरं बाय, यष्टीनं या. पन आधार आना, दोन फोटो आना आनि खळ्याच्या तुकड्याचा सातबारा आना."

"बक्षिसाला सातबारा कशाला रे?"

नितेशनं धोंडूकडे पाहिलं. धोंडूनं बांधलेली पेंढी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"अवो काकी, गेल्या साली उत्पन्नाचा दाखला कशाला मागितला? जातीचा कशाला मागितला? कागदाची कामं ही. धा कागद लावायचे तेव्हा एक काम व्हतं."

हे मात्र खरं होतं. गेल्या साली त्या दाखल्यांपायी सावित्रीनं तलाठ्याकडे पाच खेपा घातल्या होत्या. मनातून खरं तर ती हरखली होती. बक्षीस! चौथीत असताना ती धावण्यात पहिली आली होती, तेव्हा मिळालेली स्टीलची वाटी अजून तिच्या मिठाच्या बरणीत होती. तिच्या लेखी बक्षीस म्हणजे जिंकणाऱ्याला मिळतं ते. त्यात वाईट काय असणार? शब्दाला भुलली बिचारी, आणि भुलली यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

तिची लेक वेदिका करंजवाडी फाट्यावरच्या विद्यापीठाच्या कॉलेजात बी.एड.ला होती. मास्तरीण व्हायचं हे तिनं सहावीत ठरवलं होतं आणि बी.एस्सी. होईपर्यंत सोडलं नाही. दादूनं आपल्या आईच्या नावानं विद्यापीठाकडे मोठी ठेव ठेवली होती. तिच्या व्याजातून दर वर्षी तीन मुलींची फी आणि हॉस्टेल भागायचं. 'कै. गंगाबाई शिगवण स्मृती शिष्यवृत्ती.' पहिलं वर्ष वेदिकाचं त्यावरच निघालं. पण यादी दर वर्षी नव्यानं लागायची आणि यादीवर देणगीदाराची सही लागायची. दुसऱ्या वर्षाची यादी मंगळवारी जाहीर होणार होती. यादीत नाव आलं तर वेदिका मास्तरीण, नाही आलं तर ती घरी येणार आणि विळा हातात घेणार. एवढं साधं गणित होतं ते.

संध्याकाळी पाऊस यायच्या आत दोघांनी होतील तेवढे भारे खळ्यावर आणले. सावित्री डोक्यावर भारा घेऊन चढ चढायची, धोंडू मागून एकेक पेंढी काखेत मारून यायचा. अकरा गुंठे वरकस जमीन ती, रस्त्याला लागून. पिकत काही नव्हतं, गवत तेवढं. पण तिथं जांभ्याच्या कातळावर शेणानं सारवलेलं खळं होतं, पेंढ्याची उडवी रचायला जागा होती आणि कडेला एक खोपी होती. सासऱ्यानं मरताना हा तुकडा मुलाच्या नावावर न करता सुनेच्या नावावर केला, कारण त्या दिवसांत धोंडू पगार पिऊन टाकत होता. धोंडूची दारू सुटून बारा वर्षं झाली, पण नाव सावित्रीचं ते सावित्रीचंच राहिलं.

भारा टाकून ती खोपीच्या दारात टेकली. गंगाकाकी इथंच मेली.

गंगाकाकी म्हणजे दादूची आई. दादू मुंबईत कंत्राटं घेऊन मोठा झाला, मग त्याला गावात बंगला हवा झाला. त्यानं तीन वर्षांमागं मे महिन्यात जुनं घर पाडलं आणि आईला म्हणाला, दोन महिने मुंबईला चल. म्हातारी गेली. आठव्या दिवशी बोचकं घेऊन एकटी एस.टी.तून उतरली. "तितं खिडकी उगडली तर सुनंला राग येतो गो, माजा जीव घुसमटतो," म्हणाली. सावित्रीनं खोपीवर नवा पेंढा घातला, बाज टाकली. दोन महिन्यांचे पाच झाले. दादूचा फोन यायचा, येतो म्हणायचा. आला नाही. सगळा पावसाळा सावित्रीनं म्हातारीला पेज नेऊन दिली, शेवटी शेवटी तर तिचं हगणं-मुतणं काढलं. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी म्हातारी गेली. दादू मग आला, गळ्यात पांढरा रुमाल घालून, फोटोवाला बरोबर घेऊन. आणि तेव्हापासून जिथं माइक मिळेल तिथं सांगत सुटला, 'माझ्या आईनं तळेघरच्या मातीतच देह ठेवला!' कुणाच्या खोपीत ठेवला ते काही त्यानं कुठं सांगितलं नाही.

म्हणून सावित्री त्याला दादासाहेब म्हणायची नाही. शिष्यवृत्ती घेतली ती गंगाकाकीच्या नावाची म्हणून घेतली. दादूची म्हणून नव्हे.

तेवढ्यात वेदिकाचा फोन आला. "आये, मंगळवारी येतेस ना? मॅडम म्हणाल्या तुझा पण सत्कार आहे."

"माजा गो कशाला? मी काय केलंय?"

"काय माहीत. ती हिरवी साडी नेसून ये. आणि आये, पाय घासून ये जरा."

"घासते हो बाय," सावित्री म्हणाली आणि फोन ठेवून आपल्या टाचा बघत बसली. भेगांत चिखल असा बसला होता की सात जन्म घासला तरी निघाला नसता.

मंगळवारी पहाटे पाऊस पडून गेला. अर्धं भात अजून शेतात होतं. त्याच्यावर दोघांनी प्लास्टिकचा कागद ओढला, चार दगड ठेवले आणि सातची एस.टी. पकडली. गाडीत सावित्रीनं ओळखीच्या दोन बायांना सांगितलं, पोरीला बक्षीस आहे म्हणून. धोंडू खिडकीबाहेर बघत होता. "तुमाला कायच आनंद न्हाय का?" तिनं विचारलं. "हाय तर," तो म्हणाला, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला.

कचेरीत ही गर्दी. नितेश कागदांची फाइल काखेत घेऊन आत-बाहेर करत होता. सावित्री बाकड्यावर बसली. शेजारी एक पन्नाशीची मुसलमान बाई होती, डोक्यावरून ओढणी, हातात पिशवी. खाडीकडची, नाव मरियम. तिचा भाऊ हारुन टेबलाशी रांगेत उभा होता. बाई बोलकी होती.

"कसल्या कामाला आलीस गो?"

"पोरीचं बक्षीसपत्र हाय," सावित्री जरा ताठ होऊन म्हणाली.

"मग आपलं एकच काम! माझा भाव पन मला बक्षीसपत्र करून देतोय. बापाचं घर. आमच्यात हिबा म्हणतात, हे कचेरीवाले बक्षीसपत्र म्हणतात."

सावित्रीला काही कळेना. "भाव तुला बक्षीस देतो? कसली शर्यत जिंकलीस तू?"

मरियम हसली, मग सावित्रीच्या तोंडाकडे पाहून तिचं हसू थांबलं. "अगो, शर्यत कसली? बक्षीसपत्र म्हणजे घर नायतर जमीन फुकट देऊन टाकायची. एकदा सही झाली की परत मागायची सोय नाय. तू काय देतेस?"

"मी न्हाय काय देत. मी घ्यायला आलेय."

"मग कागद बघ तुझा. देणारा कोन, घेणारा कोन, पैल्याच पानावर असतं."

सावित्री उठली आणि नितेशसमोर जाऊन उभी राहिली. "कागद दाव."

"काकी, कायद्याची भाषा ती, तुमाला काय कळनार? नंबर आला की सही कुटं करायची ते मी दावतो."

"चौथी झालेय मी. दाव."

"दाखव की तिला," मरियम बाकड्यावरून मोठ्यानं म्हणाली. "नाव तिचं हाय ना?" चार माणसं वळून बघायला लागली, तसा नितेशनं कागद पुढे केला.

सावित्रीनं विळ्यानं कापलेलं बोट कागदावर ठेवलं आणि एकेक अक्षर लावत गेली. वर 'बक्षीसपत्र' होतं, ते बरोबर होतं. खाली 'लिहून घेणार' होतं. तिथं वेदिकाचं नाव असायला हवं होतं. तिथं लिहिलं होतं, गंगाबाई शिगवण स्मृती प्रतिष्ठान, तर्फे अध्यक्ष श्री. दादासाहेब बाळू शिगवण. तिनं बोट खाली नेलं. 'लिहून देणार. सौ. सावित्री धोंडू गोरिवले, वय ५१, धंदा शेती.' पुढं मौजे तळेघर, अकरा गुंठे, आणि एक लांबलचक शब्द. तो काही तिला लागेना.

"वि-ना-मो... काय हाय हे?"

"विनामोबदला," मागं येऊन उभ्या राहिलेल्या मरियमनं वाचलं. "म्हणजे फुकट."

सावित्रीच्या कानांत गरम वारं शिरल्यागत झालं. तिनं नितेशकडे पाहिलंच नाही, त्याचं पोटच त्यावर होतं. तिनं धोंडूकडे पाहिलं. धोंडू आपल्या चपलेचा अंगठा चाचपत होता.

"तुमाला म्हाईत व्हतं?"

"गो, हळू बोल..."

"म्हाईत व्हतं का नव्हतं?"

"दोन-तीन आठवडं झालं," धोंडू म्हणाला. "दादूनं टपरीवर बोलावलंवतं. म्हनाला, सराव केंद्र बांधायचंय, कॉलेजची पोरं शिकवायला येतील, गावाचं नाव व्हईल. म्हनाला, जागा दिलीत तर वेदिकाचं पुडचं वर्ष माज्याकडं लागलं. मला वाटलं तुला मागनं सांगू. अकरा गुंठ्यात पिकतं काय गो? गवत!"

"आनि मळनी कुटं करायची? तुमच्या टाळक्यावर?"

सावित्रीला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की हातात विळा नव्हता हेच बरं झालं. बाई म्हणून नव्हे, बायको म्हणूनही नव्हे, या माणसाची कंबर रोज रात्री आपण तेल लावून चोळतो म्हणून तिला राग आला. एस.टी.त आपण बक्षीस बक्षीस म्हणून सांगत होतो आणि हा ऐकत होता!

नितेशनं तोवर फोन लावून तिच्या कानाला दिला. पलीकडे दादू. आवाज लोण्यासारखा.

"वहिनी, गैरसमज करून घेऊ नका. माझ्या आईनं जिथं देह ठेवला तिथं तिचं स्मारक व्हावं, एवढीच माझी इच्छा आहे."

"देह ठेवला व्हय रे? पाच म्हैने खंगून मेली ती, दादू. तवा तुला जागेची आटवन न्हाय झाली."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. मग लोणी गेलं. "ठीक आहे. दुपारच्या यादीवर अजून माझी सही व्हायची आहे, तेवढं लक्षात ठेवा."

"सावित्री गोरिवले!" आतून पुकारा झाला. "देणार कोण? पुढे या."

सावित्री टेबलापाशी गेली. तिच्या डोळ्यांसमोर वेदिका होती, सहावीतली, पाटीवर वाडीतल्या पोरांना बे एके बे शिकवणारी. एक सही होती नुसती. हात पुढे केला असता तर पोरीचं आयुष्य सरळ होतं. पण मग दर साल दिवाळीच्या तोंडावर भात कापून ठेवायचं कुठं, आणि दादूच्या माणसाला विचारायचं, तुझ्या अंगणात मळू का रे? आणि तिथल्या स्मारकाच्या पाटीखाली गंगाकाकी, पोराच्या जागेत मेल्यासारखी.

"राजीखुशीनं देताय ना?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"न्हाय," सावित्री म्हणाली. "कोन देनार न्हाय."

"मग गर्दी करू नका. पुढचा नंबर." आणि मरियमच्या भावाला पुढं बोलावलं गेलं.

वडापच्या जीपमध्ये बसून ती करंजवाडी फाट्यावर आली. धोंडू मागच्या सीटवर. कॉलेजच्या दारात फुलांची कमान, आत खुर्च्या, स्टेजवर मखमली कापड टाकलेली काळ्या दगडाची पाटी. दारातल्या मुलीनं हातात गुलाबपाणी उडवायची दाणी धरली होती. तिनं सावित्रीच्या पायांकडे पाहिलं आणि मागची खुर्ची दाखवली. सावित्री बसली. पुढच्या रांगेत वेदिका दिसत होती, केसात गजरा, दर दोन मिनिटांनी मागं वळून आईला शोधत होती. दिसल्यावर हसली. ते हसू सावित्रीला सोसवेना.

भाषणं झाली. दादूनं आईवर बोलून डोळे पुसले. मग प्राचार्य बाईंनी यादी हातात घेतली. "सानवी घाणेकर." टाळ्या. "नम्रता बुदर." टाळ्या. वेदिका पदर सावरून अर्धी उठली. बाईंनी कागदाकडे पाहिलं, दादूकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "तिसरं नाव काही कारणानं राखून ठेवण्यात आलेलं आहे." वेदिका तशीच अर्धी उभी राहिली. शेजारच्या मुलीनं तिला हाताला धरून खाली बसवलं. आता तिनं मागं वळून पाहिलं नाही. तिचे कान मागून लालबुंद दिसत होते.

इथपर्यंत सगळं दादूच्या मनासारखं झालं होतं. पण घाईत एक गोष्ट राहून गेली. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीच्या हातातला कागद सकाळचाच होता, तो बदलायचं कुणाला सुचलं नाही. ती गोड आवाजात वाचू लागली, "आपल्या पोटाला चिमटा काढून शिक्षणासाठी भूमिदान करणाऱ्या दानशूर माउली, सौ. सावित्री धोंडू गोरिवले, यांना विनंती करते की त्यांनी व्यासपीठावर यावं!" आणि दुसऱ्या मुलीनं पाटीवरचं मखमली कापड ओढलं. सभागृहानं टाळ्या पिटल्या.

सावित्री उठली. मधल्या वाटेनं चालत गेली, लाल गालिच्यावर तिच्या टाचांचे ठसे उठले. पाटीवर सोनेरी अक्षरांत सराव केंद्राला दिलेलं गंगाकाकीचं नाव होतं, मधोमध देणगीदार मा. दादासाहेब बाळू शिगवण, उद्योजक, आणि तळाशी बारीक अक्षरात भूमिदान, सौ. सावित्री धोंडू गोरिवले. सही व्हायच्या आधीच कोरून मोकळे झाले होते मेले!

दादूनं हसून शाल उचलली. माणसांसमोर दुसरं करणार काय? सावित्रीनं ती खांद्यावर येऊ दिली नाही. तिनं माइक धरला.

"मला बोलता येत न्हाय," ती म्हणाली. "गंगाकाकी माज्या खोपीत मेली. ह्याच्या घरात न्हाय. ह्यानं घर पाडलं व्हतं. तिला जागा मी दिली, तवा कागद कुनी मागितला न्हाय. आता हा कागदावर मागतोय, आनि न्हाय दिली म्हनून माज्या पोरीचं नाव गाळलंन. ह्याला जागा देनार न्हाय. बस."

दादू माइककडे वाकून म्हणाला, "ग्रामीण भागातली साधी माणसं आहेत, भावना अनावर होतात..." आणि पुढच्या रांगेतले दोन पाहुणे समजूतदारपणे हसले देखील. सावित्रीनं तबकातला नारळ तेवढा उचलला. "ह्यो काकीच्या नावाचा," म्हणाली आणि खाली उतरली.

बाहेर कमानीखाली वेदिकानं तिला गाठलं. गजरा तिनं काढून टाकला होता.

"आये, एक सही होती गो! एक सही! मला विचारलंस तरी?"

"तुला विचारलं असतं तर काय म्हनाली असतीस?"

वेदिकानं बापाकडे पाहिलं, तो कमानीच्या बांबूला धरून उभा होता. मग ती हॉस्टेलकडे चालू लागली, आणि सावित्री एस.टी.च्या थांब्याकडे. घरी पोचेपर्यंत पाऊस लागला होता. कागद वाऱ्यानं उडाला होता. खालचं भात पाण्यात होतं. दोघांनी अंधार पडेपर्यंत भिजलेल्या पेंढ्या खळ्यावर वाहिल्या. त्या दिवशी धोंडू वाकला. कंबरेनं कळ आली की "आई गं" म्हणायचा, आणि पुन्हा वाकायचा. सावित्रीनं त्याला बस म्हटलं नाही.

शिष्यवृत्ती गेली ती गेलीच. प्राचार्य बाईंनी वेदिकाला खोलीत बोलावून हळूच सांगितलं, फी हप्त्यांनी भर, मी सांभाळून घेईन. त्या खोलीत हळूच सांगायला त्यांना धीर झाला, स्टेजवर का झाला नव्हता ते त्यांनाच ठाऊक. वेदिकानं हॉस्टेल सोडलं. सकाळी सहाची एस.टी. पकडायची, संध्याकाळी परत येऊन ओटीवर वाडीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या. आईशी ती आठवडाभर कामापुरतंच बोलली.

पाऊस एकदाचा गेला. भात सुकलं. थोडं काळं पडलं, थोड्याला मोड आले, पण उरलं तेही बरंच होतं. आणि रविवारी झोडणीला सुरुवात करायची तर एक टेम्पो रस्त्यावर येऊन उभा राहिला. ड्रायव्हर आणि त्याचा माणूस, दोघांनी मिळून काळ्या दगडाची ती पाटी खाली उतरवली.

"हे काय रे बाबा?"

"मला काय विचारता? चलनावर पत्ता हाच हाय. तळेघर, रस्त्यालगत, खळ्याची जागा." ड्रायव्हरनं घाम पुसला. "शेठना फोन केला तर म्हनाले, कुटं पन फेक. म्हटलं पत्त्यावरच फेकतो."

टेम्पो गेला. तिघं पाटीभोवती उभी राहिली. धोंडू म्हणाला, "गटारात ढकलूया." सावित्री दगडावर हात फिरवत राहिली. गुळगुळीत, जड, कुठं चीर नाही. तिचा भात झोडायचा दगड गेल्या साली दुभंगला होता आणि नवा मिळाला नव्हता.

"धरा," ती म्हणाली. "खळ्यात घ्या."

तिघांनी दगड सरकवत खळ्याच्या मधोमध आणला, एका बाजूला धोंड्याचं टेकण लावून तिरका केला. सावित्रीनं कोपऱ्यावर नारळ फोडला, पाणी खोपीच्या दारात शिंपडलं. मग गोणपाटाची घडी करून ती वरच्या ओळीवर नीट अंथरली, गंगाकाकीचं नाव झाकलं जाईल अशी. पाटीच्या तळाशी, बारीक अक्षरांवर, तिनं डावा पाय रोवला. पेंढी दोन्ही हातांनी डोक्यामागं नेली आणि हाणली ती मधल्या सोनेरी ओळीवर, मा. दादासाहेबांवर. दाणे टपटप उडाले.

दहा-बारा पेंढ्या झाल्या. अक्षरांच्या खाचांत भात अडकून बसत होतं, 'उद्योजक'मधल्या जोडाक्षरात तर फारच. तिनं धोंडूच्या हातात तारेचा तुकडा दिला. तो उकिडवा बसला आणि एकेक दाणा टोकरून काढू लागला.

वेदिका पेंढ्या पुढं करत होती. मध्येच थांबली. "आये," ती म्हणाली, त्या आठवड्यात पहिल्यांदाच नीट आवाजात, "तुझ्या नावावर पाय पडतोय तुझा."

"पडू दे. ती लिहून देनारी हाय, मी न्हाय," सावित्री म्हणाली. "तू पेंढी दे."